चुलीपुढचा हिशेब
मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. आपण हा इतिहास भाषणांतून, ठरावांतून मांडतो. चुलीपुढच्या बाईचा हिशेब त्यात नसतो. दोरीवर वाळलेल्या चान्या म्हणजे तिचे पावसाळ्याचे कोठार. ते तिने स्वाभिमानासाठी मोडले. मग भांड्यात काय शिजले? हुलग्याचे माडगे, तांदुळजा, चिघळ. (याला काटकसर म्हणणाऱ्यांकडे निदान काटण्यासारखे काही असते.) १९७२ च्या दुष्काळात माझी आई लाल मिलोच्या भाकरी थापी, पिठाला चिकटपणा नाही, म्हणून आधी उकड काढी. भिंती मात्र पांढऱ्या मातीने पोतारलेल्या. १९५६ नंतर देव गेले त्या देवळीत बाबासाहेबांची तसबीर, तिला जुन्या लुगड्याच्या काठाची झालर.