सहाव्या वर्षाची दाढ : दुधाचे दात आणि पालकांचे दुर्लक्ष

दुधाचा दात पडला की तो घराच्या छपरावर फेकावा किंवा उंदराच्या बिळात टाकावा, म्हणजे नवा दात बारीक आणि शुभ्र येतो, अशी समजूत महाराष्ट्राच्या अनेक भागांत आहे. पडणाऱ्या दाताचे असे कौतुक होत असताना साधारण त्याच वयात मुलाच्या तोंडात एक नवी दाढ येते आणि तिची मात्र कोणी दखल घेत नाही. ही दाढ कोणताही दात पाडून येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागील रिकाम्या जागेतून ती हिरडी फोडून हळूहळू वर येते. वर दोन आणि खाली दोन अशा या चार दाढा वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येतात आणि त्या कायमच्या असतात. पालक मात्र त्यांना दुधाच्याच दाढा समजतात. त्यावर काळा डाग दिसला तरी ‘पडणारच आहे’ म्हणून विषय सोडून दिला जातो. ही दाढ एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी या गैरसमजाची किंमत अधिक मोजावी लागते. आश्विनातील बालाजी महाराजांच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जालना शहराला अधिक जवळ आहे. दाढेच्या मुळावरील उपचार किंवा लहान मुलांचे दंततज्ज्ञ हवे असल्यास पालकांना अनेकदा जालन्याची किंवा पुढे छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. परंतु तेथे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, एसटीचे भाडे आणि बहुधा दुसरी-तिसरी खेपही आलीच. त्यामुळे गाल सुजेपर्यंत किंवा मूल रात्रभर रडेपर्यंत वाट पाहिली जाते. तोवर दात वाचविण्याचा काळ निघून गेलेला असतो आणि दात काढण्यावाचून पर्याय उरत नाही. पुण्या-मुंबईत दवाखाना कोपऱ्यावर असतो, तरीही ‘दुधाचेच आहेत’ हे वाक्य तेथेही तितकेच ऐकू येते.

दुधाचे दात कशासाठी?

दुधाचे दात एकूण वीस. पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास, खालच्या जबड्यात पुढे येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सर्व दात पूर्ण होतात. सहाव्या-सातव्या वर्षी खालचे पुढचे दात पडू लागतात, तर दुधाच्या शेवटच्या दाढा पडण्यास अकरावे-बारावे वर्ष उजाडते. याचा अर्थ असा की, तीन वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ त्याला आणखी आठ-नऊ वर्षे वापरावयाची असते.

दुधाचा दात खालच्या कायम दातासाठी जागा राखून ठेवतो. तो वेळेपूर्वी काढावा लागला तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेकडे सरकतात आणि नंतर येणारा कायमचा दात वाकडा येतो किंवा हिरडीतच अडकून राहतो. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या कायम दाताच्या आवरणावरही डाग किंवा खळगे राहू शकतात. याखेरीज दुखऱ्या दाढेचे मूल एकाच बाजूने चावते, भाकरी टाळून मऊ पदार्थ मागते, रात्री नीट झोपत नाही आणि शाळेत त्याचे लक्ष लागत नाही. दाताचे दुखणे वजनावर आणि अभ्यासावर उमटते, हे घरात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या तक्रारीचा व्याप मोठा आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के आणि पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६३ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते.

कीड म्हणजे किडा नव्हे

‘दाताला कीड लागली’ या शब्दप्रयोगामुळे दातात खरोखरच किडा असतो, अशी समजूत रूढ झाली. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन हा किडा काढण्याचा उपाय ग्रामीण भागात आजही जुन्या मंडळींना ठाऊक आहे. धुरीने ठणका काही काळ कमी झाल्यासारखा वाटला, तरी दातातील पोकळी तशीच राहते आणि आत पसरत जाते. प्रत्यक्षात दातावर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू साखर व पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील खनिजे विरघळविते. खाल्ल्यानंतर साधारण अर्धा तास हे आम्ल प्रभावी असते. नंतर लाळ ते निवळते आणि गेलेली खनिजे थोडीथोडी परतही आणते. लाळेला ही उसंत मिळते की नाही, यावर दाताचे भवितव्य ठरते.

म्हणूनच मूल गोड किती खाते यापेक्षा दिवसातून किती वेळा खाते, हे अधिक महत्त्वाचे ठरते. स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म या मनोरुग्णालयात १९४५ नंतरच्या काही वर्षांत झालेल्या प्रयोगांतून ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. जेवणासोबत गोड खाणाऱ्यांपेक्षा दोन जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात कितीतरी अधिक किडले. संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णांवर केलेला हा प्रयोग आज कोणीही योग्य म्हणणार नाही. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र दंतवैद्यकाने कायमचा स्वीकारला.

आपल्याकडच्या घरात टॉफीची जागा चहा-बिस्किटाने घेतली आहे. सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट किंवा टोस्ट, शाळेच्या मधल्या सुट्टीत लिमलेटची गोळी, घरी आल्यावर पुन्हा चहा आणि संध्याकाळी रडू थांबविण्यासाठी चॉकलेट, असा दिवसभर गोडाचा रतीब सुरू असतो. यात्रेत मुलांनी रेवड्या आणि गोडीशेव मनसोक्त खाल्ली म्हणून पालक धास्तावतात. खरे तर वर्षातून एकदा येणाऱ्या यात्रेपेक्षा रोजचा बिस्किटाचा पुडाच दातांना अधिक घातक आहे. बिस्कीट गोड लागो वा खारे, त्याचा लगदा दाढेच्या खाचांत बराच वेळ चिकटून राहतो. गूळ नैसर्गिक असल्याने दातांना चालतो, हाही गैरसमजच आहे; जिवाणूंना गूळ आणि साखर यांत फरक करता येत नाही. मधल्या वेळी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू असे पदार्थ दिल्यास पोटही भरते आणि दातही सांभाळले जातात. तीन-चार वर्षांखालील मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे व फुटाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

एक-दोन वर्षांच्या मुलांचे वरचे पुढचे चार दात तपकिरी होऊन तुकड्यातुकड्याने झडताना दिसतात. ‘दात विरघळले’ असे त्याचे वर्णन केले जाते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपविणे, हे त्याचे नेहमीचे कारण. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध वरच्या दातांभोवती साचून राहते. खालचे दात जिभेखाली झाकले गेल्याने बहुधा वाचतात. बाटली झोपण्यापूर्वीच संपवावी, दुधात साखर घालू नये आणि नंतर ओल्या मऊ कापडाने दात पुसावेत. पहिला वाढदिवस होण्याआधी मुलाचे दात एकदा दंतवैद्याला दाखवावेत. ही भेट दुखणे नसताना व्हावी, म्हणजे मुलाच्या मनात दवाखान्याची भीती बसत नाही.

ब्रश कोणाच्या हातात?

पहिला दात दिसताच ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरेशी होते. जाहिरातीतील ब्रशभर पसरलेली पेस्ट विसरावी. ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा असावा. दिवसातून दोन वेळा दात घासणे आवश्यक असून, त्यातही रात्रीची वेळ चुकवू नये. घासून झाल्यावर पेस्ट थुंकावी. भरपूर चुळा भरल्या तर दातांवरील फ्लोराइड धुऊन जाते.

मूल आपल्या हाताने दात घासते, याचा पालकांना अभिमान असतो. परंतु सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते नेमके वळण नसते. मुलाने आधी घासावे आणि नंतर मोठ्यांनी एकदा स्वतः ब्रश फिरवावा. सहाव्या वर्षाच्या दाढेबाबत हे विशेष लागू पडते. वर येत असताना ती शेजारच्या दाढेपेक्षा खालच्या पातळीवर असते, त्यामुळे पुढे-मागे फिरणारा ब्रश तिच्यावरून निघून जातो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून ती वेगळी घासावी लागते. तिच्या खोल खाचा दंतवैद्याकडून एका पातळ लेपाने बंद करून घेता येतात. या लेपामुळे अन्न अडकत नाही, दात कोरावा लागत नाही आणि दुखतही नाही.

राखुंडी, कोळशाची पूड, मीठ यांनी दात पांढरे दिसतात, कारण ते घासले जाऊन झिजतात. त्याहून गंभीर बाब मिश्रीची. तव्यावर भाजून कुटलेली ही तंबाखू अनेक घरांत दात घासण्याच्या निमित्ताने वापरली जाते आणि दाढ दुखते म्हणून मुलांच्याही बोटावर दिली जाते. तंबाखूने ठणका बधिर झाल्यासारखा वाटतो, सवय मात्र जडते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर मात्र कायद्याचा हात पोहोचत नाही.

पाण्याचा प्रश्न

विदर्भात फ्लोराइडची दुसरी बाजूही आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानले जाते. अन्य स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. साधारण आठ वर्षांपर्यंत, कायमचे दात घडत असताना, यापेक्षा अधिक फ्लोराइड सतत पोटात गेल्यास दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग उमटतात. ते घासून जात नाहीत. पाणी उकळूनही उपयोग नाही. उकळल्याने फ्लोराइड उलट दाट होते. ज्या गावात अनेक मुलांच्या दातांवर असे डाग दिसतात, तेथे ग्रामपंचायतीने पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि मुलांना कोणती पेस्ट द्यावी हे दंतवैद्याला विचारावे.

शाळेतील तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून झाली. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोन वेळा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा आरोग्य तपासणी अपेक्षित असून, दातांच्या तक्रारींचा तपासणीच्या यादीत समावेश आहे. तपासणीत मुलाला पुढे पाठविण्याची चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात पडून राहू नये. तिच्या आधारे शासकीय रुग्णालयात मोफत उपचार मिळू शकतात. विनाअनुदानित इंग्रजी शाळांत मुले घालणाऱ्या शहरी पालकांना वाटते की, आपली मुले अधिक सुरक्षित आहेत. वास्तविक ही तपासणी त्यांच्या वाट्याला येतच नाही. तेथे पालकांनीच शाळेकडे आग्रह धरावयास हवा.

स्कॉटलंडने पाळणाघरांत आणि बालवाड्यांत शिक्षिकांच्या देखरेखीखाली मुलांना रोज दात घासावयास लावले. तेथे पाच वर्षांच्या आसपासच्या, उघड कीड नसलेल्या मुलांचे प्रमाण २००३ मध्ये सुमारे ४५ टक्के होते. २०२० मध्ये ते ७० टक्क्यांच्या वर गेले. या कामाला मोठी यंत्रे लागली नाहीत. ब्रश, पेस्ट आणि ठरलेली वेळ एवढेच लागले. आपल्या अंगणवाड्यांत खिचडीनंतर हे करून पाहण्याजोगे आहे.

उपचारांबाबतही परिस्थिती पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात विकसित झालेल्या पद्धतीत हाताच्या साध्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरतात. त्यास वीज किंवा कोरण्याचे यंत्र लागत नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण कीड लागलेल्या जागी लावल्यास ती बहुतेक वेळा पसरण्याचे थांबते. जागा काळी पडते, हा त्यातील तोटा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या दोन्हींचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. लहान गावातील दंतवैद्यालाही हे उपचार करता येतात. पालकांनी तशी विचारणा करावी.

खेळताना पडून मुलाचा दात निखळला तर तो दुधाचा की कायमचा, हे आधी पाहावे. दुधाचा दात परत बसवीत नाहीत. तो छपरावर फेकण्यास हरकत नाही. कायमचा दात मात्र मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचलावा. तो घाण झाला असल्यास दुधाने किंवा पाण्याने अलगद विसळावा, चोळू नये. शक्य असल्यास तो लगेच त्याच जागी बसवावा, नाहीतर थंड दुधाच्या वाटीत ठेवावा. कागदात किंवा रुमालात गुंडाळल्यास तो सुकतो. अर्ध्या ते एका तासाच्या आत दवाखाना गाठल्यास असा दात पुन्हा रुजण्याची बरीच शक्यता असते.