मानसोपचारात गैरवर्तन: तंजावूरच्या रुग्णापुढील कायदेशीर मार्ग

मानसोपचारासाठी येणारी व्यक्ती जे घरातही बोलत नाही, ते उपचारकासमोर बोलते. या विश्वासाचा गैरफायदा घेऊन उपचारकाने लैंगिक किंवा आर्थिक शोषण केले, रुग्णाची गुप्त माहिती फोडली अथवा तिच्या आधारे धाक दाखविला, तर दाद मागण्यासाठी भारतात एकच एक कायदा नाही. फौजदारी कायदा, मानसिक आरोग्यसेवा कायदा, व्यावसायिक परिषदांचे नियम, ग्राहक संरक्षण कायदा आणि लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा यांत हे संरक्षण विखुरलेले आहे. कायदे केंद्राचे असल्याने ते ठाण्यात आणि तंजावूरमध्ये सारखेच लागू होतात. फरक पडतो तो अंतराचा. व्यंकोजीराजांच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत असलेल्या तंजावूरमध्ये पोलीस ठाणे, जिल्हा न्यायालय आणि ग्राहक आयोग हाताशी आहेत. तामिळनाडू वैद्यकीय परिषद मात्र तीनशेहून अधिक किलोमीटर दूर चेन्नईत आहे आणि उच्च न्यायालयासाठी मदुराई खंडपीठाकडे जावे लागते.

हा विषय केवळ पुस्तकी नाही, हे नागपूरच्या प्रकरणाने दाखवून दिले. जानेवारी २०२५ मध्ये तेथे एका समुपदेशकाने अनेक वर्षे विद्यार्थिनींचे शोषण केल्याचा आणि छायाचित्रांच्या आधारे त्यांना धमकावल्याचा आरोप उघडकीस आला. एका माजी विद्यार्थिनीच्या तक्रारीनंतर अटक झाली. पीडितांपैकी काही जणी तोवर विवाहित होत्या आणि त्यामुळे पुढे येण्यास कचरत होत्या. त्याआधी २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमच्या विशेष न्यायालयाने, उपचारासाठी आणलेल्या १३ वर्षांच्या मुलाच्या लैंगिक छळाबद्दल एका चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली होती.

उपचारक नेमका कोण?

तक्रार कोठे करावयाची, हे उपचारकाच्या पाटीवरून ठरत नाही, तर त्याच्या नोंदणीवरून ठरते. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि तो राज्य वैद्यकीय परिषदेच्या शिस्तीखाली येतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाशी अनुचित संबंध ठेवणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे आणि तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत लागणे अपेक्षित आहे. (२०२३ मध्ये काढलेली नवी आचारसंहिता त्याच वर्षी स्थगित झाली, म्हणून जुनेच नियम चालू आहेत.) परिषद डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काही काळासाठी किंवा कायमचे काढू शकते, नुकसानभरपाई मात्र देऊ शकत नाही. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध राष्ट्रीय पातळीवर अपील करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने डॉक्टरला शब्दशः दिला आहे, रुग्णाला नाही. ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. १९९२ च्या कायद्यानुसार या परिषदेला गैरवर्तनाबद्दल नाव काढून टाकण्याचा अधिकार आहे. नोंदणीविना हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या दंडाची जरब किती, हे सांगणे नको.

खरी अडचण येते ती साध्या समुपदेशकाच्या बाबतीत. मन मोकळे करण्याची खोली थाटण्यास बराच काळ कोणाचीही परवानगी लागत नव्हती. संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांना आणि अन्य मानसशास्त्रज्ञांना प्रथमच नोंदणीच्या कक्षेत आणले. तथापि संबंधित राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव असेल, तरच तेथील शिस्तभंगाचा मार्ग उपयोगी पडतो. नाव कोठेच आढळले नाही, तर रुग्णाने हताश होण्याचे कारण नाही. पोलीस आणि ग्राहक आयोग यांना नोंदणीची अट नाही.

संमतीचा बचाव

अशा प्रकरणांत आरोपीचा नेहमीचा बचाव असतो तो संमतीचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ६८ येथे महत्त्वाचे ठरते. अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्यात असलेल्या व्यक्तीने, तसेच रुग्णालयाच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील व्यक्तीने, त्या स्थानाचा गैरवापर करून आपल्या देखरेखीखालील स्त्रीला शरीरसंबंधास प्रवृत्त केले, तर तो बलात्कार ठरत नसतानाही पाच ते दहा वर्षांच्या सक्तमजुरीस पात्र असा स्वतंत्र गुन्हा आहे. संमती नसेल, किंवा मानसिक स्थितीमुळे स्त्रीला संमतीचा अर्थच उमगत नसेल, तर ती कृती थेट बलात्कार ठरते. त्याआधीच्या घटनांना भारतीय दंडसंहितेतील तरतुदी लागू होतात. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्यास २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. तेथे संमतीचा प्रश्न उद्भवत नाही आणि गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे.

प्रौढ पुरुष रुग्णासाठी मात्र कायदा तोकडा आहे. कलम ६८ स्त्रियांपुरतेच मर्यादित आहे आणि जुन्या कलम ३७७ चा पर्याय नव्या संहितेत ठेवलेला नाही. अशा रुग्णाला मारहाण, धमकी किंवा खंडणीची कलमे, परिषद आणि ग्राहक आयोग यांवरच भिस्त ठेवावी लागते.

घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. तंजावूरमध्ये उपचार घेऊन पुण्यास परतलेली व्यक्ती पुण्यातही गुन्हा नोंदवू शकते. पीडित स्त्री मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या विकलांग असल्यास तिची माहिती तिच्या घरी किंवा सोयीच्या ठिकाणी, दुभाषा अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवावी लागते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवावी आणि त्यानंतरही कारवाई न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. लोक काय म्हणतील या भीतीने मागे राहणाऱ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगावयास हवी.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. डॉक्टरवर गुन्हा नोंदविण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे लागते, असे अनेकदा ऐकविले जाते. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये दिलेले हे संरक्षण उपचारातील निष्काळजीपणासाठी आहे. विनयभंग, बलात्कार किंवा धमकी हा निष्काळजीपणा नव्हे, म्हणून तेथे ही ढाल चालत नाही.

संस्थेत दाखल असलेल्या रुग्णांसाठी

तामिळनाडूला या विषयाची दाहक आठवण आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे एका खाजगी मनोरुग्ण निवासाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडांना पूर्ण मनाई केली, भूल न देता विजेचे झटके देण्यासही बंदी घातली आणि गोपनीयता व क्रूर वागणुकीपासून संरक्षण हे रुग्णाचे हक्क ठरविले. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये विळुपुरम जिल्ह्यातील अन्बू ज्योती आश्रमात मनोरुग्णांच्या छळाचे आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप पुढे आलेच.

या कायद्यानुसार प्रथम संस्थेच्या प्रमुखाकडे, नंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि पुढे राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. एका किंवा अनेक जिल्ह्यांसाठी नेमलेल्या या मंडळाकडे अर्ज करण्यास शुल्क नाही. रुग्ण स्वतः किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी अर्ज करू शकतो. अपवादात्मक परिस्थितीत संस्थेत दाखल असलेल्या रुग्णाचा तोंडी वा दूरध्वनीवरील अर्जही मंडळ स्वीकारू शकते. सर्वसाधारण अर्जाचा निकाल ९० दिवसांत लागला पाहिजे. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होते. तंजावूरकरांसाठी ते मदुराईला.

भरपाई आणि अंतर्गत समिती

पैसे देऊन घेतलेला उपचार ही ‘सेवा’ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातही ही स्थिती कायम आहे. सर्वांना विनामूल्य सेवा देणारे सरकारी रुग्णालय मात्र यातून वगळलेले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. विलंबास सबळ कारण असल्यास आयोग तो माफ करू शकतो. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर भरलेल्या शुल्कावर ठरत असल्याने अशी प्रकरणे बहुधा जिल्हा आयोगातच येतात. शुल्क पाच लाखांपर्यंत असल्यास अर्जाची फी लागत नाही आणि तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार दाखल करता येते. गुंतागुंतीचे पुरावे तपासण्यास आयोग नाखूश असतात, हे ध्यानात ठेवावे. गोपनीयतेचा भंग किंवा खोटी पदवी यांसारखी कागदोपत्री सिद्ध होणारी बाब तेथे अधिक टिकते.

सर्वात दुर्लक्षित मार्ग २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचा आहे. तो केवळ नोकरदार स्त्रियांसाठी आहे, अशी समजूत आहे. वस्तुतः कायद्यातील ‘पीडित महिला’ नोकरीत असण्याची गरज नाही आणि रुग्णालय व शुश्रूषागृह यांचा ‘कामाच्या ठिकाणा’त स्पष्ट समावेश आहे. म्हणून महिला रुग्ण रुग्णालयाच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करू शकते. ही मुदत आणखी तीन महिने वाढू शकते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी, किंवा आरोप खुद्द मालकावर असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे.

कागद जपून ठेवावेत

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे जतन केलेली आहेत. दोन शतकांपूर्वी या शहरात रुग्णाची नोंद इतक्या काळजीने ठेवली जात असे. आजच्या रुग्णाला स्वतःच्या नोंदी मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. डॉक्टरने त्या मागणीनंतर ७२ तासांत द्यावयाच्या असतात. पावत्या, भेटींच्या तारखा, औषधांच्या चिठ्ठ्या आणि भ्रमणध्वनीवरील संदेश पुसू नयेत. संदेश न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ उपकरण विकू किंवा बदलू नये. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेवर सरकारी वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार करणे बंधनकारक आहे.

हे सर्व मार्ग एकाच वेळी चालू ठेवता येतात. परिषदेकडे तक्रार केली म्हणून पोलिसांचा मार्ग बंद होत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि विकलांग व्यक्ती यांना तेथे मोफत वकील मिळतो. त्याचा देशव्यापी दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत, तर उपचार अर्धवट सुटल्याने मानसिक आधाराची गरज असलेल्यांसाठी ‘टेलि-मानस’ची सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.