घड्याळ आणि चुंबक

यांत्रिक मनगटी घड्याळाची सारी चाल केसासारख्या बारीक, गुंडाळलेल्या एका पट्टीच्या हाती असते. ती हेअरस्प्रिंग. तिच्या जोरावर बॅलन्स व्हील मागेपुढे डोलते. पोलादी हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कामाची लांबी घटते, डोलणे जलद होते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटेसुद्धा पुढे पळते. चुंबक फारच जोरदार असेल तर घड्याळ बंदही पडते.

डायनामो, विजेच्या मोटारी आणि ट्राम आल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे दुखणे वाढले. जिनिव्हाच्या शार्ल ऑग्यूस्त पायार यांनी पोलाद सोडून पॅलेडियमच्या मिश्रधातूची स्प्रिंग केली. पुढे शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल-पोलादाचे इन्व्हार आणि एलिन्व्हार हे मिश्रधातू शोधले व १९२०चे भौतिकीचे नोबेल मिळवले. त्यांचे लक्ष खरे तर तापमानाकडे होते, पण धातू बदलून दोष घालवण्याची वाट त्यातून रुंदावली. १९३०च्या दशकातली निव्हारॉक्स स्प्रिंग चुंबकत्व फार थोडे धरून ठेवी. चुंबकाला दाद न देणारे मनगटी घड्याळ टिसोने १९३०मध्येच बाजारात आणले होते.

दुसरा उपाय आडोशाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश वैमानिकांसाठी बनलेल्या आयडब्ल्यूसी मार्क ११ मध्ये यंत्राभोवती मऊ लोखंडाची आतली डबी होती. चुंबकीय क्षेत्र लोखंडातून बाजूने निघून जाते, यंत्रापर्यंत फारसे पोचत नाही. आयडब्ल्यूसीचीच १९५५ची इंजेनियर, १९५६ची रोलेक्स मिलगॉस आणि १९५७ची ओमेगा रेलमास्टर ही याच पठडीतली. मिलगॉसचा दावा १००० गॉस इतके चुंबकीय क्षेत्र सोसण्याचा होता. मात्र डबीला भोक पडले की आडोसा कमजोर होतो, म्हणून अशा घड्याळांना तारखेची खिडकी किंवा पारदर्शक पाठ देणे अवघड असे.

१९६९च्या डिसेंबरात सेइकोची क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन आली. क्वार्ट्झच्या स्फटिकाला चुंबकाचे सोयरसुतक नाही. काटे फिरवणाऱ्या छोट्या मोटारीला मात्र आहे, कारण तिचा रोटरच चुंबक असतो. जोरदार क्षेत्रात तो अडकतो. घड्याळ दूर नेल्यावर काटे पुन्हा चालू लागतात, पण गेलेली वेळ हाताने लावून घ्यावी लागते. काटेच नसलेल्या डिजिटल घड्याळात ही भानगड नाही.

मोबाइलच्या रेडिओलहरींनी घड्याळ बिघडते, हा समज निराधार आहे. बिघडवतात ती स्पीकरमधली, कव्हरातली आणि पर्सच्या बटणातली चुंबके, आणि तीही अगदी जवळ आल्यावर. काही सेंटिमीटर अंतर ठेवले की त्यांचा जोर ओसरतो. यांत्रिक घड्याळ बाधले तरी घाबरण्यासारखे काही नसते: ते होकायंत्राजवळ धरले की सुई हलते आणि दोष कळतो, मग घड्याळजी ते प्रत्यावर्ती विजेच्या वेटोळ्याजवळ धरून, मग सावकाश दूर नेऊन, त्यातले चुंबकत्व काढतो.

एकविसाव्या शतकात सिलिकॉनची हेअरस्प्रिंग आली आणि धातू बदलण्याची वाटच सरस ठरली. २०१३मध्ये ओमेगाने १५,००० गॉसहून अधिक क्षेत्र सोसणारे घड्याळ दाखवले, तेही लोखंडी डबीशिवाय आणि पाठीला काच लावून. सर्वसाधारण अँटिमॅग्नेटिक घड्याळे मात्र अजून आयएसओ ७६४ या मानकावर चालतात. त्यात मीटरला ४८०० अँपियर, म्हणजे सुमारे ६० गॉस, इतक्या क्षेत्रातून काढल्यावर दिवसाचा फरक ३० सेकंदांच्या आत असावा लागतो. पर्सचे चुंबकी बटण घड्याळाला टेकले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.