हाक आधी कुणाच्या दारात?

टर्मिनलवर ‘एलएस’ ही दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबलं, की फायलींची यादी समोर येते. पण एलएस हीसुद्धा डिस्कवर कुठल्यातरी फोल्डरात पडलेली एक फाइलच आहे. तो फोल्डर आपण सांगितलेला नसतो. तरी ती सापडते, कारण शोधायच्या फोल्डरांची एक यादी संगणकाजवळ असते. तिचं नाव ‘पाथ’.

मुळात अशी यादी नव्हतीच. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्स या संचालन प्रणालीचं काम सुरू झालं. केन थॉम्पसनने लिहिलेल्या शेलमध्ये, म्हणजे आपल्या आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रामात, शोधाचा क्रम कायमचा कोरलेला होता. आधी आपण ज्या फोल्डरात आहोत तिथे, मग ‘/बिन/’मध्ये, मग ‘/यूएसआर/बिन/’मध्ये. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत हे काम करणाऱ्या ओळी मी पहिल्यांदा वाचल्या, तेव्हा बराच वेळ त्यांच्यापाशीच थांबलो. दोन फोल्डर, पण पत्ता एकच लिहिलेला: ‘/यूएसआर/बिन/’. त्याला आज्ञेचं नाव जोडायचं. मग त्या पत्त्यातली पहिली चार अक्षरं (तिरपी रेघ, यू, एस, आर) ओलांडून पाचव्यापासून वाचायचं. उरतं ‘/बिन/’ आणि पुढे नाव. तिथे फाइल मिळाली नाही, तर तोच पत्ता पहिल्यापासून वाचायचा. मेमरी इतकी तुटपुंजी होती, की दुसरा पत्ता वेगळा लिहिणंही जिवावर यावं. काटकसरीतून आलेलं इतकं देखणं काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

पण कोरलेला क्रम बदलायचा तर शेलच बदलावा लागे. बेल लॅब्जमधल्याच जॉन मॅशी यांनी आपल्या शेलमध्ये हा क्रम वापरणाऱ्याच्या हाती दिला. ‘पी’ नावाच्या एका चलात तो ठेवला जाई. १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्ह बोर्न यांचा शेल आला आणि यादीला आजचं रूप मिळालं: ‘पाथ’ हे नाव आणि दोन फोल्डरांच्या मध्ये अपूर्णविराम. प्रोग्रामचं काम साधं आहे. यादी चिन्हापाशी तोडायची, प्रत्येक तुकड्याला नाव जोडायचं, तशी चालवता येणारी फाइल आहे का बघायचं. पहिली सापडली की शोध संपला. पुढच्या फोल्डरात तिची अधिक चांगली सख्खी बहीण असली तरी तिला कुणी विचारत नाही.

यादीतली रिकामी जागा म्हणजे ‘आत्ता आहे तो फोल्डर’, आणि मूळ यादी अशा रिकाम्या जागेनेच सुरू होई. घात तिथेच होता. एकाच यंत्रावर अनेकजण काम करत. कुणी आपल्या फोल्डरात एलएस नावाचा खोटा प्रोग्राम ठेवला आणि यंत्राचा व्यवस्थापक तिथे येऊन एलएस म्हणाला, तर खोटा प्रोग्राम व्यवस्थापकाचे सगळे अधिकार घेऊन चालणार. म्हणून पुढे चालू फोल्डर यादीतून काढायची रीत पडली. आपला स्वतःचा प्रोग्राम चालवताना आधी टिंब आणि तिरपी रेघ द्यावी लागते, ती याचसाठी. नव्या विद्यार्थ्यांना ही रेघ जाचक वाटते; तिच्यामागची भीती त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत मात्र मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाइल, शोधताना एरवी आपल्या प्रोग्रामचा फोल्डर अजून पहिलाच असतो. आपल्याच फाइलला ‘रँडम’ नाव दिलं, की मूळ रँडम मॉड्यूल हाकेला ओ देत नाही.

डॉस या संचालन प्रणालीने १९८३ मध्ये पाथची ही कल्पना उचलली, पण अपूर्णविराम तिथे ड्राइव्हच्या अक्षराला लागत असल्याने यादीत अर्धविराम आला. विंडोजमध्ये तो आजही आहे.

इकडे युनिक्सच्या घराण्यात, २०१२ मध्ये फेडोरा लिनक्सच्या सतराव्या आवृत्तीत ‘/बिन’ हा वेगळा फोल्डर राहिला नाही. त्या जागी फक्त ‘/यूएसआर/बिन’कडे नेणारा दुवा उरला. चार अक्षरं ओलांडा किंवा ओलांडू नका, तिथे आता एकच फाइल भेटते.