इन्सुलिन, हलाल-हराम आणि मराठवाडा

परभणीहून गंगाखेडकडे जाताना नृसिंहाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले पोखर्णी लागते. या भागातल्या कोणत्याही गावात आज ‘शुगर’ हा शब्द सांगावा लागत नाही. उर्दू जाणणारे त्याला ज़ियाबेतीस म्हणतात. तो शब्द ग्रीकातून अरबीत आणि तिथून आपल्याकडे आला. चरक-सुश्रुतांनी या रोगाला मधुमेह म्हटले, तर 1037 साली निधन पावलेल्या इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये त्याची लक्षणे लिहून ठेवली. रोगाची ओळख जुनी होती, इलाज मात्र नव्हता.

इलाज सापडायला शरीराचा हिशेब कळावा लागला. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम एक चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम ग्लुकोज असते. भाकरी पचली की आतड्यातून साखर रक्तात येते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. स्नायूंच्या पेशींमध्ये ग्लुकोज आत नेणारी प्रथिने एरवी आतल्या बाजूला असतात. इन्सुलिनचा निरोप मिळाला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. उरलेली साखर यकृत साठवते. उपाशीपोटी इन्सुलिन कमी होते, ग्लुकॅगॉन वाढते आणि यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडू लागते. इन्सुलिनच नसेल तर रक्तात साखर मावत नाही आणि पेशी मात्र उपाशी राहतात.

1889 साली जर्मनीत मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी त्याच ग्रंथीतून औषधी अर्क मिळवला. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क अशुद्ध होता. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क 23 जानेवारीला दिला, तेव्हा साखर उतरली. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे 13 वर्षे जगला. शोधकर्त्यांनी पेटंट एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले.

पण हे औषध येत होते कत्तलखान्यातून, डुकरांच्या आणि गाईगुरांच्या ग्रंथींतून. माणसाच्या इन्सुलिनमधल्या 51 अमिनो आम्लांपैकी डुकराच्या इन्सुलिनमध्ये फक्त एक वेगळे असते, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन. म्हणजे आपल्या देशात डुकराच्या इन्सुलिनचा प्रश्न मुसलमानापुढे उभा राहिला, तर गाईच्या इन्सुलिनचा हिंदूपुढे. इस्लामी कायद्याचे उत्तर या बाबतीत स्पष्ट होते. जीव धोक्यात असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर निषिद्ध वस्तूचीही मुभा मिळते. सूरह अल-बकराच्या 173व्या आयतीत हे तत्त्व आहे. तरीही उत्तर माहीत असणे वेगळे आणि मन तयार होणे वेगळे.

हा पेच अखेर विज्ञानानेच सोडवला. 1978 साली अमेरिकेत जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात आले आणि 1982 साली ते औषध म्हणून मंजूर झाले. 2003 साली हबील खोराकीवाला यांच्या वोक्हार्ट कंपनीने यीस्टपासून बनवलेले मानवी इन्सुलिन भारतात आणले. या कंपनीचा बायोटेक प्रकल्प आपल्या औरंगाबादेतच आहे. ज्या औषधाला एकेकाळी हलाल-हरामाचा प्रश्न चिकटला होता, ते मराठवाड्यातच बनू लागले. तेही एका मुसलमान उद्योजकाच्या कंपनीत.

मग आज अडते कुठे? रमजानमध्ये. 13 देशांतल्या 12 हजारांहून अधिक मधुमेहींच्या एपिडायर पाहणीत टाइप-2चे सुमारे 79 टक्के रुग्ण रोजे ठेवत असल्याचे दिसले. त्यांच्यात साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या मानाने साडेसात पट झाले. कारण सरळ आहे. रोज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन आपोआप कमी करते. सुईने घेतलेले इन्सुलिन मात्र उपास ओळखत नाही, ते आपले काम करतच राहते. म्हणून रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्यावा. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली, तर रोजा सोडावा. आजाऱ्याला सवलत आपण घेत नाही, ती कुरआननेच दिली आहे.

अजून एक गोष्ट. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णतेने इन्सुलिन निकामी होते. घरात फ्रीज नसेल, तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, पाण्यात बुडणार नाही अशी, मातीच्या गार भांड्यात सावलीत ठेवावी.

इन्सुलिन सापडण्याआधी हजारो वर्षे माणसे या रोगाने मरत होती, कारण इलाज नव्हता. आता इलाज आहे. गैरसमजापायी तो नाकारला, तर दोष रोगाला देता येणार नाही.