बर्लिनची गायन-अकादमी

गाणें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक गवई, त्याचा तंबोरा आणि समोरची बैठक उभी राहते. शेंकडों माणसांनीं एकत्र गाण्याची चाल आपल्याकडेही आहे. परंतु आरतींत किंवा दिंडींत सर्वांच्या मुखीं चाल एकच असते. युरोपांतील वृंदगायनाची गोष्ट निराळी. तेथें स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचे उंच व खालचे, असे गळ्यांचे निदान चार वर्ग पाडतात; प्रत्येक वर्ग आपली स्वतंत्र ओळ गातो, आणि त्या ओळी एकमेकींना छेदीत व सांवरीत पुढें जातात. असें गाणें एकट्यानें घरीं बसून साधत नाहीं. त्यास मंडळी लागते, आणि ती नेमानें जमावी लागते. पोटासाठीं न गाणाऱ्या साध्या गृहस्थांची अशी एक मंडळी बर्लिन शहरांत १७९१ पासून चालत आलेली आहे.

तिचा संस्थापक कार्ल फ्रीड्रिख क्रिस्तिआन फाश हा प्रशियाच्या थोरल्या फ्रीड्रिख राजाचा दरबारी वादक. १७८३ सालीं बेनेव्होली नामक जुन्या इटालियन रचनाकाराची सोळा स्वतंत्र ओळींची एक धर्मरचना त्याच्या पाहण्यांत आली आणि त्यास तशीच रचना करण्याची ईर्ष्या उत्पन्न झाली. रचना झाली, पण दरबारच्या पगारी गायकांना ती पेलेना! तेव्हां त्यानें आपल्या हौशी शिष्यवर्गाला हाताशीं धरिलें. २४ मे १७९१ रोजीं फोइटस नांवाच्या बाईंच्या घरीं जमलेल्या मंडळींची हजेरी लिहून ठेवलेली आहे. तोच संस्थेचा जन्मदिवस मानितात. पुढें १७९३ सालीं कला-अकादमीच्या इमारतींत जागा मिळाली, आणि त्यावरूनच ‘झिंग-अकाडेमी’, म्हणजे गायन-अकादमी, हें नांव पडलें. स्त्रिया व पुरुष येथें बरोबरीनें गात, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. १७९६ सालीं तरुण बेथोव्हन येथें येऊन गाणें ऐकून गेला व स्वतः पियानो वाजवून गेला.

१८०० सालीं फाश वारला आणि सूत्रें त्सेल्टरच्या हातीं आलीं. हा धंद्यानें गवंडी! बापाचा बांधकामाचा व्यवसाय संभाळून फाशकडे शिकण्यासाठीं तो बर्लिनहून पॉट्सडॅमपर्यंत पायीं जात असे. महाकवि गटे ह्याच्याशीं त्याचा जन्माचा स्नेह. स्वभाव मात्र रांगडा व बोलणें तिखट. त्याच्या अमदानींत अकादमीनें १८२७ सालीं स्वतःचें मंदिर बांधिलें. त्याच सभागृहांत अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट ह्यानें सृष्टिविज्ञानावरील आपलीं प्रसिद्ध जाहीर व्याख्यानें दिलीं.

पण त्सेल्टरची खरी दौलत कपाटांत होती. योहान सेबास्तिआन बाख १७५० सालीं वारला, आणि त्याचें बहुतेक वृंदसंगीत लोकांच्या कानांआड गेलें. अकादमीची मंडळी मात्र त्याच्या रचना आपल्या तालमींत, टाळ्यांची अपेक्षा न ठेवितां, गात राहिली. साराह लेव्ही ह्या बर्लिनच्या विदुषी यहुदी बाईंनीं आपला हस्तलिखितांचा संग्रहही अकादमीस दिला. त्यांचाच नातलग फेलिक्स मेंडेल्सझोन आपल्या बहिणीसह १८२० सालीं, अकरा वर्षांचा असतांना, अकादमींत दाखल झाला.

बाखची ‘मॅथ्यूची पॅशन’ ही ख्रिस्ताच्या अंतकाळाची महान रचना. तिला दोन गायकवृंद व दोन वाद्यवृंद लागतात. ती जाहीर करण्याची कल्पना मेंडेल्सझोन व त्याचा मित्र नट एडुआर्ड देव्हरिएन्ट ह्यांनीं त्सेल्टरपुढें मांडली. म्हातारा प्रथम उखडला, पण अखेर वळला. ११ मार्च १८२९ रोजीं वीस वर्षांच्या मेंडेल्सझोनच्या नेतृत्वाखालीं सुमारें दीडशें हौशी गळ्यांनीं ती गाइली. राजा आला होता, तत्त्ववेत्ता हेगेल आला होता, आणि तिकिटें न मिळाल्यामुळें शेंकडों लोक परत गेले. रचनेला बरीच कात्री लागली होती हें खरें. पण कापलेली का होईना, ती ऐकूं आली. दहा दिवसांनीं, बाखच्या जन्मदिनीं, प्रयोग पुन्हा झाला. युरोपांत बाखचें जें पुनरुज्जीवन झालें त्याचा आरंभ बहुतेक इतिहासकार येथूनच धरितात.

याच मंडळीनें चार वर्षांनीं काय केलें तें पाहा. १८३२ सालीं त्सेल्टर वारला. वारस मतदानानें ठरावयाचा होता. २२ जानेवारी १८३३ रोजीं जुना साहाय्यक रुंगेनहागेन ह्यास १४८ मतें पडलीं, मेंडेल्सझोनला ८८. मेंडेल्सझोन घराणें अकादमींतून बाहेर पडलें. फेलिक्स पुढें लाइप्झिगला गेला, आणि बर्लिनचें भाग्य लाइप्झिगनें उचललें. त्याचें यहुदी कुळ कित्येकांस खुपलें असावें असें म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि तो संशय निराधार म्हणवत नाहीं. तथापि मला वाटतें, तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. जी संस्था घरासारखी चालते, ती घरच्या वडीलधाऱ्या माणसास डावलून तेजस्वी तरुणास सहसा निवडीत नाहीं. ज्या चिवट स्थितिप्रियतेमुळें बाख येथें टिकला, तीच येथें आडवी आली. रुंगेनहागेन हा सामान्य असला तरी नालायक नव्हता. बाखची ‘जॉनची पॅशन’ त्यानें त्याच वर्षीं गावविली, आणि ब-लघु स्वरांतील महान ‘मास’ पुढील दोन वर्षांत दोन भागांनीं लोकांपुढें आणिली.

दुसऱ्या महायुद्धांत बाँबहल्ल्यांनीं सभागृह जळालें. ग्रंथसंग्रह १९४३ सालीं सुरक्षिततेसाठीं सायलीशियांत हलविला होता. तेथून तो रशियन सैन्याबरोबर नाहींसा झाला. अर्धशतकाहून अधिक काळ तो नष्ट झाला असेंच धरून चालत. १९९९ सालीं तो युक्रेनमधील कीव्ह शहराच्या एका दप्तरखान्यांत सांपडला, पांच हजारांहून अधिक रचना व बाखपुत्रांचीं कित्येक हस्तलिखितें जशींच्या तशीं! २००१ सालीं तीं बर्लिनला परत आलीं. इमारत शहराच्या पूर्व भागांत गेली, मंडळी पश्चिमेस राहिली. १९५२ पासून त्या वास्तूंत मॅक्सिम गॉर्की ह्याच्या नांवाचें नाटकगृह आहे. मालकीचा वाद दीर्घकाळ चालून २०१२ सालीं जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयानें अकादमीच्या बाजूनें निकाल दिला. आंत अद्याप नाटकेंच होतात.