फाटकावरची पाटी

मालक आणि कामगारांचा तंटा कोर्टात जाऊ नये म्हणून काय करावं, हे वकील सांगतीलच. मी तुम्हाला १९२८ च्या मुंबईत नेतो. त्या एप्रिलपासून सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. कारणं पगाराची होती, एका विणकरानं जास्त माग सांभाळायचे हीही होती. पण आणखी एक दुखणं होतं. कामावर घेणं, काढणं बहुतेक जॉबरच्या मर्जीवर. रजा, दंड, खाडा, सगळं त्याच्या तोंडी. आणि तोंडी नियम मोडला की नाही, हे ज्याच्या हाती सत्ता तोच ठरवतो! (आपल्याकडे कांद्याच्या खळ्यावर रोज कसा ठरतो, आठवून पाहा.)

मालकांनी स्थायी आदेश लिहून काढले होते. कामगारांना ते एकतर्फी वाटले. म्हणजे नुसतं लिहून भागत नाही, दुसऱ्या बाजूला विचारावंही लागतं. संपानंतर फॉसेट समितीनं ही कलमं तपासली. १९३८ च्या मुंबई कायद्यानं असे आदेश कामगार आयुक्तांकडून ठरवून घेणं मालकांना भाग पाडलं. मग १९४६ चा केंद्रीय कायदा आला, शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी. त्यातलं मला आवडणारं कलम साधं होतं: मंजूर आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, फाटकाजवळच्या फलकावर लावायचे.